पस्तिसावा वाढदिवस, ५० किलोमीटर आणि उधारीची वही



मागच्या व्हिडिओत मी काउंटरमागून उठताना तोंड वाकडं केलं, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बरोबर पकडलं. "सर, पाय मोडला का?" इथपासून "वय झालं" इथपर्यंत सगळं विचारून झालं. पाय मोडला नव्हता. दोन दिवस आधी मी आणि माझे तीन मित्र सातारा ते कास आणि परत असे ५० किलोमीटर पळून आलो होतो. म्हणून आज स्टॉक, मार्जिन, जीएसटी बाजूला ठेवू. आज ही गोष्ट. पण शेवटपर्यंत वाचा, कारण यात माझी एक जुनी चूक आहे, जी मी चॅनेलवर आजवर कधी नीट सांगितलेली नाही.

पस्तीसच का?

बाबांनी आमचं इलेक्ट्रिकलचं दुकान टाकलं तेव्हा ते ३५ वर्षांचे होते. ४८व्या वर्षी त्यांना काउंटरवरच हार्ट अटॅक आला. वाचले, आज ६७ वर्षांचे आहेत, पण त्या दिवसापासून आमच्या घरात 'पस्तिशी' या शब्दाला वजन आहे. वर्षभरापूर्वी माझं बीपी थोडं वर निघालं. दिवसाचे बारा तास खुर्ची, सहा कप चहा, वर वायरमन लोकांबरोबर वडापाव. दुसरं काय होणार?

आम्ही चौघं आधीपासून थोडंफार पळायचो. एक मेडिकलवाला, एक गॅरेजवाला, एक शाळेतला सर आणि मी. हाफ मॅरेथॉन झाल्या होत्या, एक फुल झाली होती. मी म्हटलं, यंदा हॉटेलात पार्टी नको, अल्ट्रा करू. मॅरेथॉन असते ४२.१९५ किलोमीटर, त्याच्या पुढचं अंतर म्हणजे अल्ट्रा. आपल्या साताऱ्यातून कास साधारण २५ किलोमीटर. जाऊन-येऊन ५०. मेडल नाही, फी नाही. आमच्या दुकानाच्या शटरपासून निघायचं आणि शटरपाशी परत यायचं.

गॅरेजवाला एवढंच म्हणाला, "भावा, केक तरी असेल ना?"

तयारी

सात महिने आठवड्यातून चार दिवस पळलो. रविवारी लांब पल्ला, तोही हळूहळू वाढवत जास्तीत जास्त ३५ किलोमीटर. त्याआधी बाबांच्या हट्टाखातर स्ट्रेस टेस्ट करून घेतली. घरात हृदयविकार असेल तर तुम्हीही आधी हेच करा, शूज नंतर.

आमच्या सरांनी कॉम्रेड्स मॅरेथॉनचा व्हिडिओ दाखवला होता. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांमध्ये ही सुमारे ९० किलोमीटरची रेस होते. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या आठवणीसाठी व्हिक क्लॅफम नावाच्या माणसाने १९२१ मध्ये ती सुरू केली. पहिल्या वर्षी ३४ जण पळाले, १६ जणांनी पूर्ण केली. आज हजारो लोक पळतात, आपल्याकडचेही बरेच जातात. तिथे एक भारी पद्धत आहे. अनुभवी धावपटू पुढे राहतो आणि त्याच्या मागे मोठा घोळका ठरलेल्या वेगाने चालतो-पळतो. त्या घोळक्याला 'बस' म्हणतात. बसमध्ये राहिलात तर वेळेत पोचता.

आम्हीही आमची चार सीटची बस केली. सर ड्रायव्हर. नियम मी बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहिले:

- चढावर चालायचं, पळायचं नाही.
- एकत्र राहायचं. रस्त्यावर गव्यांचा वावर असतो, त्यामुळे अंधारात कुणी एकटं नाही.
- भूक लागायच्या आधी खायचं. मीठ लावलेले उकडलेले बटाटे, खजूर, चिक्की.
- नुसतं पाणी ढोसायचं नाही, सोबत ओआरएस. घामातून मीठ जातं आणि वरून नुसतं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली येतं. तेही धोक्याचं असतं, हे मेडिकलवाल्याने बजावून सांगितलं.
- चक्कर, छातीत दुखणं, उलट्या झाल्या तर सरळ गाडीत बसायचं. वाद नाही.

टार्गेट ९ तास.

आता दुकानाचा प्रश्न. वाढदिवस नेमका बुधवारी आला. दुकान बंद ठेवायला बाबांचा साफ नकार. शेवटी ठरलं की बाबा काउंटरवर बसणार, पण निर्णय आमचा सेल्समन घेणार. माझा फोन मागून येणाऱ्या गाडीत, बायकोकडे. सात वर्षांत पहिल्यांदाच कामाच्या दिवशी फोन माझ्या हातात नव्हता.

घाटात केलेला शहाणपणा

पहाटे साडेचारला निघालो. डिसेंबरची थंडी, डोक्याला टॉर्च. यवतेश्वरचा घाट लागला आणि पहिला नियम मीच मोडला. पाय हलके वाटत होते, वाढदिवस माझा होता, त्यामुळे मी चढावर पळत सुटलो. मागून सरांचा आवाज आला, "अरे, चाल!" मी हात हलवला आणि पुढे गेलो. वर पोचलो तेव्हा मी ११ मिनिटं पुढे होतो. म्हणजे ११ मिनिटं अंधारात, घामाने भिजलेल्या टी-शर्टमध्ये कुडकुडत एकटाच उभा होतो. सर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कमावलंस काय?"

पुढे पेट्रीपर्यंत उजाडायला लागलं. सव्वाआठला कास तलावावर पोचलो. सातारकर ज्या तलावाचं पाणी पितात तो तलाव. फुलांचा हंगाम केव्हाच सरलेला, त्यामुळे पठारावर गर्दी नाही. बायकोने छोटा केक आणला होता. गॅरेजवाल्याने त्यातला अर्धा एकट्याने संपवला.

परतताना ३० किलोमीटरपर्यंत ठीक होतं. ३५ला मांड्या जड झाल्या. ४०ला उजव्या मांडीत असा गोळा आला की मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो. घड्याळात ४२.२ झाले तेव्हा यवतेश्वर जवळ आलं होतं. इथून पुढे अल्ट्रा. आणि समोर काय, तर तोच घाट, आता उताराचा. लोकांना वाटतं उतार म्हणजे सोपा. उतारावर मांड्या ब्रेकचं काम करतात, प्रत्येक पावलाला. माझ्या मांड्या सकाळीच वापरून झाल्या होत्या. गॅरेजवाला माझी चाल बघून म्हणाला, "शेठ, तुमचे ब्रेक लायनर गेले."

मी तिघांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. मेडिकलवाला शेजारी बसला, हातावर मीठ लावलेला बटाटा ठेवला आणि म्हणाला, "बसमधून कुणाला घाटात उतरवतात का? खा आधी."

उधारीची वही

त्या दगडावर बसून मला घाट आठवत नव्हता. मला २०१९ आठवत होतं.

मी बीबीए करून, दोन नोकऱ्या करून २०१८ मध्ये दुकान हातात घेतलं. बाबांची पद्धत मला संथ वाटायची. मी वायरमन आणि छोट्या कॉन्ट्रॅक्टरना सढळ हाताने उधारी दिली. वर्षभरात विक्री जवळजवळ दुप्पट झाली. मी मित्रांना आकडे सांगत फिरायचो. बाबा एकदाच म्हणाले होते, "विक्री झाली, पैसे आले का?" मी हसून सोडून दिलं. पुढच्या वर्षी ६ लाख ८० हजार रुपये बाजारात अडकले होते आणि सप्लायर दारात उभा होता. बाबांनी त्यांची एफडी मोडली. अटॅक येऊन गेलेल्या माणसाची, दवाखान्यासाठी ठेवलेली एफडी. वसुलीला तीन वर्षं लागली. ९० हजार आलेच नाहीत.

बाबा त्यावर आजपर्यंत एक शब्द बोललेले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

घाटातली ती ११ मिनिटंही उधारीवरचीच विक्री होती. वहीत आकडा मोठा, गल्ल्यात काही नाही. सकाळी घेतलेला वेग दुपारी व्याजासकट फेडावा लागतो. मला ट्रेनर म्हणून प्रत्येक गोष्टीतून बिझनेस लेसन काढायची खोड आहे, हे मान्य. पण हा मी काढला नाही, तो मांडीतच होता.

शटरपर्यंत

मग दोन मिनिटं चालणं, एक मिनिट पळणं, छोटी पावलं, असं करत घाट उतरलो. कुणी पुढे गेलं नाही. १ वाजून २२ मिनिटांनी चौघं एकत्र दुकानाच्या शटरला हात लावून उभे राहिलो. एकूण ८ तास ५२ मिनिटं.

आत बाबा काउंटरवर. वर बघून म्हणाले, "आलास? मी जेवायला जाऊ का मग?"

जाता जाता त्यांनी सांगितलं की सकाळी एक वायरमन १८ हजारांची वायर मागत होता, सगळी उधार. "शेठ असते तर दिली असती," असं सेल्समनला म्हणाला. सेल्समनने निम्मे पैसे आधी मागितले. त्याने १० हजार भरले आणि माल नेला.

"तुम्ही काही बोललात का मध्ये?" मी विचारलं.

"मी कशाला बोलू? तो बरोबर करत होता." चप्पल घालताना ते थांबले. "चाळिसाव्याला काय करणार आहेस, ते आत्ताच सांगून ठेव. मी त्या दिवशी दुकानात बसणार नाही. गाडीत येईन."

तर मित्रांनो, आज रात्री एक काम करा. उधारीची वही काढा आणि ९० दिवसांच्या वरची नावं वेगळ्या कागदावर लिहा. फक्त लिहा. एकूण बेरीज किती आली, ते सांगायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा. नसेल सांगायचं, तरी चालेल. मला सांगायला सहा वर्षं लागली.