घरी बनविलेल्या उपकरणाची ईएमसी चाचणी कशासाठी?

नाशिकच्या द्राक्षबागांत ठिबक सिंचनाचे व्हॉल्व्ह ठरावीक वेळी उघडणारे नियंत्रक हौशी तंत्रज्ञाला आज घरीच तयार करता येते. मात्र उपकरण चालते, एवढ्याने ते दुसऱ्याच्या हाती देण्याजोगे ठरत नाही. त्याला विद्युतचुंबकीय सुसंगततेच्या, म्हणजेच ईएमसीच्या, कसोटीला उतरावे लागते.

या कसोटीत दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, उपकरण इतरांना व्यत्यय आणते काय? १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या मायक्रोकंट्रोलरच्या चौकोनी लहरींत त्या वारंवारितेच्या पटीतील लहरीही असतात. सहावी पट ९६ मेगाहर्ट्झ, म्हणजे थेट एफएम रेडिओच्या पट्ट्यात येते. त्या वारंवारितेला पाऊण मीटरची तारही अँटेनाचे काम करते; व्हॉल्व्हपर्यंत जाणाऱ्या तारा तर त्याहून लांब असतात.

दुसरा प्रश्न, उपकरण बाहेरचा व्यत्यय सोसते काय? पंपाच्या रिलेची कॉइल बंद होताना क्षणभर मोठा विद्युतदाब उसळतो. त्याने नियंत्रक गोठला, तर व्हॉल्व्ह रात्रभर उघडा राहू शकतो. तेव्हा नुकसान बागाइतदाराचे होते.

प्रयोगशाळेत वीजतारांवाटे बाहेर पडणारा गोंगाट १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झपर्यंत, तर हवेतून पसरणारा त्यापुढे मोजतात. निवासी वापराच्या उपकरणांसाठी ३० ते २३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दहा मीटर अंतरावर मीटरला सुमारे ३२ मायक्रोव्होल्ट ही प्रचलित मर्यादा आहे. स्थिर विजेच्या चाचणीत सामान्यतः स्पर्शाने चार हजार आणि हवेतून आठ हजार व्होल्टचे झटके दिले जातात. अशा सुविधा नवी मुंबईत खारघर येथील 'समीर' संस्थेत आहेत. पुण्यातील 'एआरएआय'ची ईएमसी प्रयोगशाळा मुख्यतः वाहनक्षेत्रासाठी आहे.

चाचणी खर्चिक असल्याने प्राथमिक तपासणी घरीच करणे शहाणपणाचे ठरते. उपकरण सुरू करून जवळ रेडिओ न्यावा. खरखर वाढली, तर दोष उघड होतो. संगणकाला जोडावयाच्या स्वस्त एसडीआर रिसीव्हरला तारेचे छोटे कडे लावल्यास गोंगाटाचा उगमही सापडतो. चिपच्या पिनांलगत ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, सर्किट बोर्डवर अखंड ग्राउंड, डीसी कॉइलवर उलटा डायोड, तारांवर फेराइटचे कडे आणि दर्जेदार ॲडाप्टर एवढ्या उपायांनी बरेच दोष दूर होतात. मात्र प्रमाणित वायरलेस मॉड्यूल वापरले, म्हणून संपूर्ण उपकरण प्रमाणित ठरत नाही.

नियम देशागणिक वेगळे आहेत. युरोपात विक्रीसाठी ईएमसीची पूर्तता बंधनकारक आहे. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी, किट न वापरता बनविलेल्या पाचपर्यंत उपकरणांना पूर्वमान्यता लागत नाही. पण त्यांनी व्यत्यय आणला, तर तो थांबवावाच लागतो. भारतात दूरसंचार उपकरणांच्या सक्तीच्या तपासणीत ईएमसीचा समावेश आहे.

या शिस्तीचे मोल नाशिककरांना पुण्याच्या वाटेवरच कळू शकते. नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना अवकाशातील अत्यंत क्षीण रेडिओलहरी टिपतात. तिच्या निरीक्षणांत बाधा नको, म्हणून पुणे-नाशिक रेल्वेमार्गाची आखणी बदलण्याची भूमिका २०२५ मध्ये रेल्वे मंत्रालयाने घेतली. रेडिओलहरींचा अवकाश सर्वांच्या सामायिक वापराचा आहे. घरच्या टेबलावर बनलेल्या लहानशा उपकरणालाही तेथे बेफिकीर राहता येत नाही.