थंड टायर, तापलेला टायर

चाकणला बनलेल्या एखाद्या मोटारीचे चालकाकडचे दार उघडून पाहा. बहुधा तिथेच एका पट्टीवर टायरमध्ये किती हवा भरावी तो आकडा छापलेला असतो. हा आकडा थंड टायरचा, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

दाब कायम ठेवून वायू तापवला, तर दर अंश सेल्सिअसला त्याचे आकारमान शून्य अंशाच्या आकारमानाच्या १/२७३ ने वाढते. शार्लचा हा नियम गे-ल्युसॅकने १८०२ साली प्रसिद्ध केला. पण टायर म्हणजे फुगा नव्हे. त्याच्या आतील दोऱ्या व तारा त्याला फारसे फुगू देत नाहीत. वायूला पसरायला जागा नसली, की त्याचा दाब वाढतो.

समजा, सकाळी २७ अंशांना, म्हणजे ३०० केल्व्हिनला, ३० पौंड हवा भरली. मापक वातावरणाचा दाब धरत नाही (गणित चुकते ते इथेच!). चाकणच्या उंचीवर तो सुमारे १४ पौंड. म्हणून खरा दाब ४४. भोसरी, मोशी करीत उन्हातून धावताना आतली हवा ३३० केल्व्हिनला पोचली, तर दाब ४८.४ होईल. मापक दाखवील ३४.४.

'हवा जास्त झाली' म्हणून ती सोडून पुन्हा ३० वर आणली तर? निवल्यावर उरतील २६ पौंड! असा टायर प्रत्येक फेऱ्याला अधिक दबतो, म्हणून अधिक तापतो, आणि भरधाव वेगात फुटण्याचा धोका त्यालाच मोठा.