एक पोतं सिमेंट, सहा ओटे

ताई, सकाळी चहा ठेवताना एकदा आपल्या ओट्यावर हात फिरवून बघा. खरखर लागते ना? सिमेंटचा ओटा आठ-दहा वर्षांत झिजतो. बारीक भेगांमध्ये तेल, पीठ, पाणी मुरतं आणि मग तिथे झुरळं, मुंग्या येतात. कितीही घासला तरी वास जात नाही. मग आपण म्हणतो, ग्रॅनाईट बसवू, गटातून कर्ज काढू.

कर्ज काढण्याआधी हे वाचा. ओटा मजबूत असेल तर त्यावर सिमेंटचा नवा पातळ थर आपल्याच हातांनी देता येतो. आपल्या आजीच्या घरचा घोटलेला कोबा आठवा. शहरात आज त्याच राखाडी रूपाला 'काँक्रीट लूक' म्हणतात आणि त्यासाठी चांगले पैसे मोजतात.

आधी ओटा तपासा

चमच्याच्या दांड्याने ओटाभर ठोकून बघा. 'ठक ठक' वाजलं तर ठीक. पोकळ आवाज आला तर तेवढा भाग फोडून भरावा लागेल. आपल्या महागावकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे भिंत हलून ओट्याला दरवर्षी तीच भेग पडत असेल, तर वरचा थरही तिथेच फुटणार. तिथे आधी मिस्त्रीला दाखवा. ओटा गुळगुळीत कडप्प्याचा असेल तर हे काम करू नका. पातळ थर त्याला धरत नाही, पापुद्रे निघतात.

एका ओट्याला काय लागतं?

ओटा 8 फूट लांब, 2 फूट रुंद आणि थर 5 मिलिमीटर धरू. सगळं धरून साधारण 7-8 किलो सिमेंट, 10 किलो बारीक चाळलेली रेती आणि 1 लिटर एसबीआर लेटेक्स पुरतं. लेटेक्स म्हणजे जुन्या-नव्या सिमेंटला धरून ठेवणारं दुधासारखं द्रव. पुसद, उमरखेडला हार्डवेअरच्या दुकानात वॉटरप्रूफिंगचं सामान मागितलं की मिळतं.

आता हिशेब करा. पोतं 50 किलोचं. एका घरासाठी आणलं तर बाकीचं पडून राहतं, ओल धरतं, गोळे होतात. पण एकाच पोत्यात सहा ओटे होतात! म्हणून हे काम एकटीचं नाही, गटाचं आहे. सहा जणींनी वर्गणी काढा, थापी-गुरमाळा एकच आणा आणि एकमेकींच्या घरी हात लावा.

काम कसं करायचं?

1. सिलिंडर बंद करून शेगडी बाहेर काढा. गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने ओटा दोनदा घासा, स्वच्छ धुवा. वर पाण्याचे थेंब टाका. थेंब मुरला तर तेलकटपणा गेला. मोत्यासारखा वरच राहिला तर पुन्हा घासा.

2. छिन्नीने हलके टोचे मारा, तारेच्या ब्रशने धूळ काढा. ओटा ओला करा, पण पाणी साचू देऊ नका.

3. लेटेक्स आणि पाणी समान घेऊन त्यात सिमेंट कालवा, रंगासारखा पातळ घोळ करा. तो ब्रशने लावा. घोळ ओला असतानाच पुढचा थर आला पाहिजे. तो वाळला तर फायद्याऐवजी तोटा होतो.

4. एक भाग सिमेंट, दोन भाग रेती. डब्यावर लिहिल्याप्रमाणे लेटेक्स आणि पाणी. सिंककडे थोडा ढाळ ठेवून थर पसरवा.

5. थोडं आवळल्यावर गुरमाळ्याने घोटा. चकाकी यावी म्हणून वरून कोरडं सिमेंट भुरभुरू नका, त्याने जाळीसारख्या भेगा पडतात. रंग हवा असेल तर ऑक्साईड मसाल्यातच मिसळा, 5 किलो सिमेंटला पावशेरापेक्षा जास्त नको.

हात सांभाळा

ओलं सिमेंट चुन्यासारखं असतं. लावताना काही वाटत नाही आणि रात्री कातडी भाजल्यासारखी होते. रबरी हातमोजे घालाच, कोरडं सिमेंट कालवताना नाकाला रुमाल बांधा. कातडीला लागलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर बराच वेळ पाण्याने धुवत राहा आणि तसंच दवाखाना गाठा. लेकरांना लांब ठेवा.

घाई केली तर काम वाया

सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. आपल्याकडच्या उन्हात तर ते पाणी पाहता पाहता उडून जातं. म्हणून काम सकाळीच करा, खिडकीतून येणारं ऊन अडवा. थर घट्ट झाला की ओलं तरट टाकून दोन दिवस ओला ठेवा, मग सावलीत वाळू द्या. किमान आठवडाभर ओट्यावर जड भांडं नको. ज्या ताईचा ओटा ओला, तिचा सैपाक शेजारच्या ताईकडे, हे गटात आधीच ठरवा.

पूर्ण सुकल्यावर काँक्रीटचं सीलर दोन हात लावा. तरीही लिंबू, चिंच, दही सांडलं तर लगेच पुसा. आंबट सिमेंटला खातं. कणीक परातीतच मळा, गरम कढई जाळीवर ठेवा.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की विचारा, 'कोणाकोणाचा ओटा खरखरतो?' सहा हात वर आले, की एक पोतं आणायला हरकत नाही.