उल्हासनगरचा बाजार आणि अंबरनाथचे शिवालय

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर कल्याण सोडले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर आणि अंबरनाथ ही स्थानके ओळीने येतात. सकाळच्या गाड्यांतून उल्हासनगरला उतरणाऱ्या गर्दीत विद्यार्थ्यांचा भरणा मोठा असतो. १९६५ साली सुरू झालेले चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी महाविद्यालय स्थानकापासून हाकेच्या अंतरावर आहे. तास संपले की हीच मुले बाजाराकडे वळतात. त्यांपैकी अनेकांना गजानन मार्केटमधील दुकाने तोंडपाठ असतात; पण जवळच, वालधुनी नदीच्या काठी, साडेनऊशे वर्षांहून जुने शिवालय उभे आहे आणि ते या बाजारइतकेच पाहण्याजोगे आहे, याची जाण थोड्यांनाच असते.

मोठ्या शहरांत ज्याला ‘मॉल’ म्हणतात, तो एका छपराखाली आणि एका मालकाच्या आखणीनुसार उभा राहतो. उल्हासनगरच्या बाजाराला छप्पर नाही आणि त्याची आखणीही कोणी एकाने केलेली नाही. तरीही प्रत्येक मालाची जागा ठरलेली आहे. तयार कपडे गजानन मार्केटमध्ये, कापड जपानी बाजारात, तर लाकडी सामानासाठी फर्निचर बाजार. लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी कर्जत-कसाऱ्यापासून मंडळी येथे येतात, ती भावातील फरकामुळे आणि निवडीला भरपूर वाव असल्यामुळे.

या बाजाराचे मूळ फाळणीत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी वसविण्यात आली होती. युद्ध संपले आणि तिच्या बराकी ओस पडल्या. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या काळात या वसाहतीला उल्हास नदीवरून ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. छावणीचे पाच भाग मात्र लोकांच्या बोलण्यात ‘कॅम्प’च राहिले. आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प दोन’, ‘कॅम्प पाच’ असेच म्हणतात.

आलेल्या कुटुंबांजवळ जमीन नव्हती, भांडवलही नव्हते. होता तो व्यापाराचा पिढीजात अनुभव. बराकीच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार आणि फावल्या जागेत पापड, मिठाई, शिवणकाम असे उद्योग सुरू झाले. घरातील स्त्रियांनी लाटलेले पापड आगगाडीत विकले गेले. पुढे येथील कारागीर कोणत्याही परदेशी वस्तूची हुबेहूब प्रतिकृती करू लागले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद त्या काळातलाच. विनोदात टोमणा असला, तरी रिकाम्या हाताने आलेल्या माणसांनी उभा केलेला उद्योग त्यातून नाकारता येत नाही. सुमारे १३ चौरस किलोमीटरच्या या शहरात २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांहून अधिक लोक राहत होते.

शहराच्या दक्षिण टोकाला, अंबरनाथच्या हद्दीत, ते शिवालय आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार राजांची राजधानी स्थानक म्हणजे आजचे ठाणे. कल्याणसारखे बंदर हाताशी असल्यामुळे त्यांच्या राज्यात व्यापाराला बरकत होती. छित्तराजाच्या काळात सुरू झालेले हे मंदिर त्याचा भाऊ मुम्मुणी याने पूर्ण केल्याचे मानतात. मंदिरातील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हे वर्ष आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रथम ते शके ७८२ असे वाचले होते. पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी वाचन दुरुस्त केले आणि मंदिराचे वय दोनशे वर्षांनी कमी झाले. एका अंकाच्या वाचनाने इतिहास किती सरकतो, हे वर्गात सांगण्यासारखे उदाहरण आहे.

मंदिराची शैली भूमिज. शिखराच्या चारही बाजूंना खालून वर जाणारा एकेक नक्षीदार पट्टा आणि पट्ट्यांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या चढत्या रांगा, ही या शैलीची ओळख. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिरात ती पूर्ण रूपात पाहता येते. अंबरनाथचे शिखर आज अपुरे असल्याने नजर भिंतींकडे जाते, आणि तेथेच खरे वैभव आहे. काळ्या दगडाच्या भिंती सरळ नसून कोनाकोनांनी पुढेमागे होतात. त्यामुळे प्रत्येक कोनाला मूर्तीसाठी जागा मिळाली आहे. सभामंडपातून सुमारे वीस पायऱ्या उतरून गर्भगृहात जावे लागते. माथा उघडा असल्याने उजेड वरून थेट पिंडीपर्यंत येतो. १८६८ साली मुंबई सरकारने येथील शिल्पांची रेखाचित्रे व साचे करवून घेतले होते.

मंदिराला लागून वाहणारी वालधुनी काकोळ्याच्या बाजूच्या डोंगरांतून येते आणि अंबरनाथ, उल्हासनगर ओलांडून कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. कारखान्यांचे सांडपाणी आणि वस्त्यांचा मैला यांनी तिची नाली झाली आहे. २०१४ च्या अखेरीस नदीत सोडलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरात शेकडो लोकांना बाधा झाली. पुढे जीन्स धुणारे व रंगविणारे कारखानेही बंद करावे लागले आणि कामगारांची रोजी गेली. प्रश्न एका संस्थेच्या हद्दीत मावणारा नाही. उगमाकडील गावे, अंबरनाथ नगरपरिषद आणि खालच्या महानगरपालिका यांच्यात तो वाटला गेला आहे, आणि वाटला गेल्यामुळेच रेंगाळला आहे. मंदिर केंद्र संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या दुरुस्ती कायद्यानुसार त्याच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटरमध्ये पूर्वपरवानगी लागते. स्थानिक सदस्यांनी हे अंतर माहीत करून घेतलेले बरे, कारण परवानगीचा पहिला अर्ज बहुधा त्यांच्याच ओळखीने येतो.

शाळा-महाविद्यालयांच्या सहलीला ही दोन्ही ठिकाणे एका दिवसात होतात. महाशिवरात्रीला मंदिरात मोठी जत्रा भरते, तेव्हा शिल्पे निवांत पाहता येत नाहीत. तो दिवस टाळावा. बाजाराच्या सुट्टीचा वारही आधी विचारून घ्यावा. मंदिर पश्चिमाभिमुख असल्यामुळे दर्शनी भागावर ऊन दुपारनंतर येते. म्हणून आधी बाजार, मग दाल-पकवानाचा फराळ आणि त्यानंतर रिक्षाने मंदिर, हा क्रम सोयीचा पडतो.