मिटणाऱ्या चाकूची मूठ

माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर एक आडवा पांढरा व्रण आहे. मी नववीत असताना दिवाळीच्या आकाशकंदिलासाठी बांबूच्या कामट्या तासत होतो. एका कामटीला भोक पाडावे म्हणून मी खिशातल्या चाकूचे टोक तिच्यावर टेकवले आणि जोर देऊन चाकू फिरवला. पाते जागच्या जागी मिटले आणि मधे माझे बोट होते! आईने हळद दाबून धरली, वडिलांनी चाकू कपाटात ठेवून दिला आणि सगळ्यांनी मिळून दोष दिला तो पात्याच्या धारेला. पुढे भौतिकी शिकवू लागल्यावर माझ्या लक्षात आले, की धार बिचारी निर्दोष होती. चाकू कोणत्या बाजूने बळकट असतो आणि कोणत्या बाजूने दुबळा, हे मला ठाऊक नव्हते. ते तुम्हांला ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

चाकू म्हटला की आपण पाते पाहतो. स्वयंपाकघरातल्या साध्या सुरीच्या बाबतीत ते ठीक आहे, कारण तिचे पाते मुठीच्या आतपर्यंत गेलेले असते. मिटणाऱ्या चाकूचे तसे नाही. त्याचे पाते मुठीला फक्त एका खिळीपाशी जोडलेले असते. म्हणून अशा चाकूचे बळ म्हणजे त्याच्या मुठीचे आणि त्या जोडाचे बळ होय.

रचना कशी असते?

साधा दोन पानांचा चाकू उघडून पाहा. बाहेरच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या, शिंगाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या दिसतील. त्यांच्या आत पातळ धातूचे एकेक अस्तर असते. दोन्ही अस्तरांच्या मधे, पाठीच्या बाजूला, पोलादी पट्टीची स्प्रिंग असते. हे सारे थर आरपार रिव्हेट मारून एकत्र आवळलेले असतात. पुढच्या टोकाच्या रिव्हेटभोवती पाते फिरते. हीच ती खिळी. पाते पूर्ण उघडले, की त्याच्या बुडाचा खांदा स्प्रिंगच्या टोकावर टेकतो. 'टक्' असा आवाज आपण ऐकतो तो याच वेळी.

अडकित्ता उलटा केला तर?

आता थोडे गणित करू. समजा, पात्याच्या टोकाजवळ, खिळीपासून ८० मि.मी. अंतरावर, तुम्ही ३० न्यूटन बल लावून काही कापत आहात. हे बल साधारण ३ किलोग्रॅम वजनाएवढे झाले. पाते आणखी मागे वळू नये म्हणून त्याचा खांदा स्प्रिंगच्या टोकाला रेटतो. हा खांदा खिळीपासून जेमतेम ६ मि.मी. अंतरावर असतो. तरफेच्या नियमाप्रमाणे,

३० × ८० = बल × ६

म्हणून खांद्यावरील बल ४०० न्यूटन येते. म्हणजे तुमच्या हाताला जाणवते ३ किलोग्रॅम, पण मुठीच्या आत रेटारेटी चालते ती ४० किलोग्रॅमची! अडकित्त्यात आपण लांब दांड्यावर थोडे बल लावून सांध्याजवळच्या सुपारीवर मोठे बल मिळवतो. इथे सुपारीच्या जागी चाकूचा जोडच सापडलेला असतो.

हे ४०० न्यूटन खिळीला सोसवतील का? २.५ मि.मी. व्यासाच्या खिळीचा छेद सुमारे ४.९ चौ.मि.मी. असतो. खिळी तुटायची तर ती पात्याच्या दोन्ही अंगांना, म्हणजे दोन ठिकाणी, कापली जावी लागेल. म्हणून ४०० ला ९.८ ने भागायचे. उत्तर येते, दर चौ.मि.मी.ला सुमारे ४१ न्यूटन. साधे पोलाद याच्या कितीतरी पट कर्तन प्रतिबल सोसते. तेव्हा खिळी सहसा तुटत नाही.

मग बिघडते काय? बिघडते ते खिळीचे भोक. स्प्रिंग पात्याला पुढे ढकलते, पाते खिळीला पुढे ढकलते आणि खिळी मुठीच्या पुढच्या टोकावर दाब देते. मूठ नुसत्या लाकडाची असेल, तर या टोकाशी लाकूड थोडेच उरलेले असते. फळीच्या अगदी कडेला खिळा ठोकला की फळी उभी चिरते, तशीच ही मूठ रेषांच्या दिशेने चिरू पाहते. मूठ चिरली नाही, तरी भोक हळूहळू लांबट होते. ते फक्त ०.१ मि.मी.ने वाढले, तर पात्याचे टोक किती हलेल? पुन्हा तीच तरफ : ०.१ × ८० ÷ ६, म्हणजे सुमारे १.३ मि.मी. एका केसाच्या जाडीएवढी झीज झाली, की चाकू खुळखुळा वाटू लागतो तो यामुळेच. लाकडाच्या आत धातूचे अस्तर घालतात ते शोभेसाठी नव्हे, तर या भोकाचे रक्षण करण्यासाठी.

एक लाकडी मूठ

तरीही निव्वळ लाकडाच्या मुठीचा एक चाकू जगभर नाव मिळवून आहे. फ्रान्सच्या साव्हॉय या डोंगराळ भागात १८९० साली झोझेफ ओपिनेल या अठरा वर्षांच्या तरुणाने तो घडवला. हत्यारे घडवणे हा त्याच्या घरचा धंदाच होता. या चाकूची मूठ म्हणजे बीच वृक्षाच्या लाकडाचा एकच गोल तुकडा. त्यात करवतीने खाच पाडलेली असते आणि पाते त्या खाचेत मिटते. अस्तर नाही, पाठीची स्प्रिंग नाही. मग भोकाचे रक्षण कोण करते? मुठीच्या तोंडावर धातूचे एक कडे बसवलेले असते आणि खिळी त्या कड्यातून आरपार जाते. मुसळाचे टोक फुटू नये म्हणून त्यावर लोखंडी कडे चढवतात ना, तीच ही युक्ती. १९५५ साली या कड्यावर फिरणारे दुसरे कडे आले. पाते उघडून ते फिरवले, की त्याची फट बंद होते आणि पाते मिटू शकत नाही.

या मुठीचा एक दोष मात्र लाकडाच्या स्वभावातच आहे. पावसाळ्यात तुमच्या घराचा दरवाजा चौकटीत अडकतो, तसे हे पातेही मूठ भिजली की खाचेत अडकते. लाकूड ओलावा पिऊन फुगते, पण सगळ्या दिशांना सारखे नाही. ओल्या अवस्थेपासून पूर्ण सुकेपर्यंत बीचचे लाकूड वाढीच्या वलयांच्या दिशेने ११ ते १२ टक्के आकसते. लांबीच्या दिशेने मात्र ते अर्धा टक्काही आकसत नाही. म्हणून मूठ लांब होत नाही, तिची खाच तेवढी अरुंद होते.

सैनिकाच्या मुठीचा इतिहास

पदार्थ कसे बदलत गेले, हे पाहायचे तर स्वित्झर्लंडच्या सैन्याचा चाकू घ्यावा. इबाख गावच्या कार्ल एल्सेनर यांनी १८८४ मध्ये आपला कारखाना काढला आणि १८९१ पासून ते सैन्याला चाकू पुरवू लागले. पहिल्या चाकूची मूठ लाकडाची होती. लाकूड चिरते, म्हणून १९०८ च्या नमुन्यात फायबर आले. कापसाच्या कागदाचे थर रसायनाने एकजीव करून हा कठीण पदार्थ बनवतात. १९६१ च्या नमुन्याला ॲल्युमिनियमची मूठ मिळाली आणि २००८ साली निवडलेल्या नव्या चाकूला प्लॅस्टिकची.

लाकडापासून धातूपर्यंत आणि तिथून पुन्हा प्लॅस्टिककडे, हा प्रवास उलटा वाटतो ना? त्याचे कारण वजनात आहे. मुठीच्या दोन पट्ट्या प्रत्येकी ९ सें.मी. लांब, २ सें.मी. रुंद आणि ३ मि.मी. जाड धरा. त्या पितळेच्या केल्या तर सुमारे ९२ ग्रॅम भरतील, पोलादाच्या ८५, टायटॅनियमच्या ४९, ॲल्युमिनियमच्या २९, काचतंतू आणि इपॉक्सी यांच्या २० आणि बीचच्या लाकडाच्या फक्त ८ ग्रॅम. दिवसभर खिशात बाळगायच्या वस्तूत हा फरक लहान नाही.

"पण सर, ॲल्युमिनियम पोलादापेक्षा मऊ नाही का?" असे कोणी विचारील. खरे आहे. त्याचा यंगचा गुणांक पोलादाच्या जवळजवळ एक-तृतीयांश असतो. पण तितक्याच वजनात ॲल्युमिनियमची पट्टी २.९ पट जाड करता येते आणि पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २.९ चा घन सुमारे २४ आणि त्याचा एक-तृतीयांश ८. म्हणजे समान वजनाची ॲल्युमिनियमची पट्टी वाकवायला पोलादाच्या पट्टीपेक्षा आठपट अवघड! तंतू घातलेले प्लॅस्टिकही याच नियमाचा फायदा घेते. ते साच्यातून जाड आणि फासळ्यांच्या आकारात काढता येते. मात्र खिळीचा दाब सोसायला पोलादच हवे, म्हणून चांगल्या प्लॅस्टिकच्या मुठीतही जोडापाशी धातू असतो. त्या चाकूचा प्रसिद्ध लाल भाऊबंद पाहा. त्याच्या बाहेरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या निघाल्या तरी चाकू शाबूत राहतो, कारण भार वाहतात ते आतले धातूचे थर आणि रिव्हेट.

दोन फूटपट्ट्यांचा प्रयोग

रिव्हेट घट्ट असणे इतके महत्त्वाचे का, हे वर्गात दाखवता येईल. दोन सारख्या प्लॅस्टिकच्या फूटपट्ट्या एकावर एक ठेवा. त्यांची टोके दोन पुस्तकांवर टेकवा आणि मध्यभागी वजन टांगून त्या किती वाकतात ते मोजा. मग त्याच पट्ट्या सरसाने पूर्ण चिकटवून प्रयोग पुन्हा करा. सुट्या पट्ट्या एका पट्टीच्या दुप्पट ताठ असतात, पण चिकटवलेल्या पट्ट्या जवळजवळ आठपट. सुट्या पट्ट्या वाकताना एकमेकींवरून घसरतात, चिकटलेल्या घसरू शकत नाहीत. चाकूच्या थरांना घसरू न देण्याचे काम रिव्हेट करतात. एक रिव्हेट सैल झाला, तर एकही कण न तुटता मूठ आडव्या दिशेने लेची होते.

माझ्या बोटाचे काय झाले?

आता आकाशकंदिलाकडे परत येऊ. कापताना बल धारेवर येते आणि ते पात्याला आणखी उघडू पाहते. त्या दिशेला खांदा, स्प्रिंगचे टोक, खिळी आणि मूठ हे सारे आडवे येतात. पण टोकाने भोक पाडताना बल तिरके झाले, की पाते मिटण्याच्या दिशेने ढकलले जाते. त्या दिशेला अडवायला काय असते? फक्त पाठीच्या स्प्रिंगचा दाब. ती किंचित उचलली गेली की पाते सुटले! एका दिशेला भिंत आणि दुसऱ्या दिशेला नुसते लोटलेले दार, अशी ही रचना आहे. कड्याचे किंवा खटक्याचे कुलूप असलेला चाकू दुसरे दारही अडवतो. परंतु त्या कुलपावरही तरफेने तेरापट बल येते, हे विसरू नका.

म्हणून घरातला चाकू हातात घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा. पाते उघडून ते वर-खाली आणि आडवे हळूच हलवा. हलत असेल तर भोक झिजले आहे. मूठ उजेडासमोर धरा. थरांमधून उजेड दिसला तर रिव्हेट सैल आहेत. आणि लाकडी मूठ खिळीपाशी चिरली आहे का ते बघा. भोक मात्र सामत्यानेच पाडा. मी तो त्या दिवशी शेजारच्या सुताराकडून मागून आणला असता, तर हा लेख लिहायला मला आणखी काही वर्षे लागली असती. पण बोट शाबूत राहिले असते.