तीन मिनिटांची चौकट

पाश्चात्त्य पॉप-रॉक संगीत म्हणजे निव्वळ गोंगाट, असा समज आपल्याकडे पुष्कळांचा असतो. तो तपासून पाहण्यास 'क्वीन' या ब्रिटिश वाद्यवृंदाचे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे गाणे उपयोगी पडावे. त्याचा कर्ता फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे मूळचा फारुख बुलसारा. १९४६ साली झांझिबारला जन्मलेला हा पारशी मुलगा लहानपणीच पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. तेथेच तो पियानो शिकला आणि शाळासोबत्यांसह 'द हेक्टिक्स' नावाच्या वाद्यवृंदात वाजवू लागला.

त्या काळी तबकडीवरचे लोकप्रिय गाणे साधारणतः तीन मिनिटांचे असे. या संकेताचे मूळ कलेत नसून यंत्रात आहे. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटेच मावत. तासभर रंगणारा राग आपल्या गवयांनाही त्यातच बसवावा लागला. पुढे ४५ फेऱ्यांच्या तबकडीवर अधिक मावू लागले, तरी रेडिओच्या सोयीने जुनेच माप चालू राहिले.

३१ ऑक्टोबर १९७५ रोजी आलेले हे गाणे मात्र ५ मिनिटे ५५ सेकंदांचे! त्यात ध्रुपद नाही. संथ पियानोगीत, गिटार, ऑपेरा, जोरकस रॉक आणि पुन्हा शांत शेवट, असा त्याचा प्रवास आहे. ऑपेराच्या भागात ऐकू येणारा गायकांचा मोठा ताफा वस्तुतः तिघांचाच आहे. ध्वनिफितीवर एका आवाजावर दुसरा चढवीत त्यांनी तो उभा केला. इतके लांब गाणे रेडिओवर कोण लावणार, ही शंका जाणकारांनीच काढली होती. परंतु लंडनच्या कॅपिटल रेडिओवर केनी एव्हरेट या निवेदकाने ते पुनःपुन्हा वाजविले, आणि ब्रिटनमध्ये ते सलग ९ आठवडे प्रथम क्रमांकावर राहिले. १९९१ साली मर्क्युरीच्या निधनानंतर त्याने ते स्थान पुन्हा मिळविले.

आपल्या झाडीपट्टीतील रसिकाला यात नवल वाटू नये. रात्रभर चालणारे नाटक पाहताना तो घड्याळाकडे पाहत नाही. मात्र नाटक रेंगाळले, तर तोच प्रेक्षक चुळबुळ करू लागतो. तेव्हा लांबी हा काही स्वतंत्र गुण नव्हे. या गाण्याचा प्रत्येक टप्पा नवे काही देतो, म्हणूनच त्याची लांबी जाणवत नाही.

आज भ्रमणध्वनीवरील अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींनी चौकट आणखी आवळली आहे. लिहिणाऱ्या-गाणाऱ्या विद्यार्थीमित्रांनी अशा वेळी एवढेच पाहावे, की आपण आशयाला वेळ देत आहोत, की वेळेच्या मापाने आशय कापत आहोत?