एका कोयत्यातली दोन माणसे

नगर–पाथर्डी रस्त्यावरच्या तिसगाव परिसरातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी, लेकरे. मुकादमाच्या हिशोबात नवरा आणि बायको अशी दोन माणसे नसतात. दोघे मिळून एक ‘कोयता’. उचल कोयत्यावर मिळते आणि बहुतेक वेळा ती नवऱ्याच्या हातात पडते. एकाला ताप आला तरी खाडा कोयत्याला लागतो.

आरोग्याच्या पानावर हे कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण नवरा-बायकोत दुरावा कुठून येतो हे समजून घ्यायचे तर आपल्या भागात या कोयत्यापासूनच सुरुवात करावी लागते. बायको म्हणते, “आज पोटात लई दुखतंय.” नवऱ्याला ऐकू येते, “आजची मजुरी गेली.” तो काही वाईट बोलतोच असे नाही. नुसता चेहरा पडतो. ती तो चेहरा बघते आणि पुढच्या वेळी दुखणे सांगत नाही. भांडण कुठेच झालेले नसते, पण एक गोष्ट सांगायची राहून गेली. अशा दहा गोष्टी राहिल्या की माणसे शेजारी झोपूनही लांब जातात.

“दिवसरात्र सोबत असतात, त्यांच्यात कसला आलाय दुरावा?” हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. सोबत असतात, पण कामापुरती. पहाटे उठून तिने भाकरी थापायची, मग फडात जायचे. त्याने तोडायचे, तिने मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. कोपीत एक ताडपत्री, मध्ये लेकरे, पलीकडे दुसऱ्याची कोपी. मोकळे बोलायला जागा नाही आणि झोप तर कधीच पुरत नाही. झोप अपुरी असली की साध्या वाक्यातही टोमणा ऐकू येतो, हे आपण सगळ्यांनीच अनुभवलेले आहे.

मग एक ठरलेला खेळ सुरू होतो. ती विचारते, “उचलीचं किती राह्यलं?” तो गप्प. ती पुन्हा विचारते, आवाज चढतो. तो उठून टपरीवर जातो. दुसऱ्या दिवशी ती आधीच चिडलेली असते आणि तो आधीच निघायच्या तयारीत असतो. तिला वाटते, हा बोलत नाही म्हणून मला ओरडावे लागते. त्याला वाटते, ही ओरडते म्हणून मी बोलत नाही. दोघांचेही खरे असते, आणि म्हणूनच सुटका होत नाही. जगभरच्या मानसशास्त्रज्ञांनी हा नमुना नोंदवलेला आहे. अमेरिकेतले जॉन गॉटमन यांनी भांडणाऱ्या जोडप्यांच्या नाडीचे ठोकेही मोजले. ठोके मिनिटाला 100 च्या वर गेले की समोरच्याचे ऐकून घेण्याची ताकद राहत नाही, आणि शरीर शांत व्हायला निदान 20 मिनिटे लागतात. म्हणजे उठून जाणे हे दरवेळी बेपर्वाईच असते असे नाही. पण न सांगता जाणे आणि “डोकं तापलंय, गाडी भरून आलो की बोलू” असे सांगून जाणे, यात फार फरक आहे. सांगितले तर परत येऊन बोललेही पाहिजे.

पुरुषांबद्दल एक गोष्ट आपल्याकडे कमी बोलली जाते. मुकादमाने बायकोसमोर आईवरून शिवी दिलेली असते, कधी जातीवरूनही. तो अपमान तिथे गिळावा लागतो आणि कोपीत बाहेर पडतो. पुरुषातले नैराश्य पुष्कळदा रडण्यात दिसत नाही. चिडचिड, दारू, कशातच मन न लागणे, असे ते दिसते. घरचे म्हणतात, स्वभावच तापट आहे.

बायकांच्या बाजूला दुखणे आणखी खोल आहे. 2019 साली नीलमताई गोऱ्हे यांच्या समितीने शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली. 82,309 पैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पिशवीबरोबर अंडाशयही काढले असेल तर अंगातून वाफा येतात, झोप उडते, चिडचिड होते, संबंधाच्या वेळी दुखते. नवऱ्याला वाटते, हिचे मन उडाले. ती लाजेने बोलत नाही. ज्याला दोघेही मनाचा दुरावा समजत होते, त्याचे कारण शरीरात असते आणि त्यावर उपचार आहेत.

20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, बायकोने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी म्हणून नव्हे. सिगालोवाद सुत्तात नवऱ्याची पाच कर्तव्ये आहेत. तिचा मान राखणे आणि घरचा कारभार तिच्या हाती देणे ही त्यातलीच. (लग्नात बायकोची पाच मात्र सगळ्यांना पाठ असतात.) आजच्या घरात कारभार हाती देणे म्हणजे काय? उचल किती घेतली, किती फिटली, खाड्याचे किती कापले, हे दोघांनाही माहीत असणे. हिशोब उघडा असला की अर्धी भांडणे सुरूच होत नाहीत, असे मला वाटते.

मारहाण मात्र या लेखातला ‘वाद’ नव्हे. तिथे समजूत घालण्याआधी बाईची आणि लेकरांची सुरक्षितता बघायची. महिलांसाठी 181 आणि तातडीसाठी 112 हे नंबर आहेत, आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. मन सतत उदास असेल, दारू सुटत नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर टेलिमानसच्या 14416 वर फोन करावा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येते. फड कर्नाटकात असला तरी चालतो.

पट्टा पडून टोळ्या घरी परततात, तेव्हा पहिल्या पंधरवड्यात भांडणे उलट वाढतात. काम थांबते, अंगातला शीण वर येतो, मुकादमाचा हिशोब हातात पडतो. त्याच दिवसांत दोघांनी मिळून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तिचे रक्त तपासून घ्यावे, त्याचा रक्तदाब. डॉक्टरांसमोर तिचे दुखणे तिने सांगावे, आणि त्याने ते मध्ये न बोलता ऐकावे.